थेडी डर्कनचं धुराडं

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, संपता संपता फादर हेगर्टींनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि जाहीर केलं, "क्लूनबेग गावची यंदाची शरदातली स्टेशन मिस्सा डर्कनांच्या घरी होईल." तिसऱ्या बाकावर बसलेल्या कोलमन गेराटीला नेहमीच्या जागी नेहमीसारखं टोचलं.

डर्कनांच्या त्या घरात डर्कन आडनावाचा एकही माणूस राहत नव्हता. राहत होते कोलमन गेराटी आणि त्याची बायको डिंफना, जी लग्नाआधी डर्कन होती. छप्पर कोलमनने दुरुस्त केलं होतं, न्हाणीघर त्याने बांधून घेतलं होतं, फाटकावर 'गेराटी' अशी पितळी पाटी त्याने स्वतः ठोकली होती आणि दर शनिवारी तो ती घासून लख्ख करत असे. पोस्टमन ती पाटी वाचायचा, मान डोलवायचा आणि पुढच्या घरी जाऊन सांगायचा, "आत्ताच डर्कनांकडे पत्र टाकून आलो." कारण कोलमन घरजावई होता. मेयो परगण्यात माणूस दिवाळं काढून पुन्हा ताठ मानेने फिरू शकतो, चार निवडणुका हरून पाचव्यांदा उभा राहू शकतो. घरजावई मात्र मरेपर्यंत घरजावई असतो, आणि मेल्यावरही त्याचं नाव सासऱ्याच्या नावाखाली, जागा उरली तर कोरतात.

तेव्हा कोलमनने बाकावर बसल्या बसल्याच ठरवून टाकलं. स्टेशनच्या दिवशी लोक त्याच्या फाटकातून बाहेर पडताना 'कोलमनच्या घरी झकास झालं' असं म्हणाले पाहिजेत. एकाने जरी म्हटलं तरी चालेल. कोलमन काउंटीच्या बांधकाम-परवाना खात्यात हेडक्लार्क होता, आणि एकदा ठरवलेली गोष्ट होत नाही ही कल्पना त्याच्या खात्यातल्या माणसाला सहसा शिवत नाही. न होण्याचं काम इतरांच्या वाट्याला येतं.

स्टेशन म्हणजे वर्षातून दोनदा फादर स्वतः गावातल्या एखाद्या घरी येतात. स्वयंपाकघरातलं टेबल वेदी होतं, दिवाणखान्यात बसून फादर लोकांच्या पापांची कबुली ऐकतात, मग मिस्सा, मग सगळ्या गावाला नाश्ता. घरांची पाळी ठरलेली असते आणि ती इतक्या वर्षांनी येते की मधल्या काळात घरातली एक पिढी बदलते. पाळी आली की शहाणीसुरती माणसं गोठ्याच्या आतल्या बाजूलासुद्धा रंग लावतात. फादर गोठ्यात जात नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही लावतात.

देवळाच्या दारातच कन्सेप्टा आत्याने कोलमनला गाठलं. ही डिंफनाच्या बापाची, म्हणजे कैलासवासी थेडी डर्कनची बहीण. दोन शेतं पलीकडे एकटी राहायची, पण लक्ष सगळं इकडे.

"जावईबापू, बाकी काही करा न करा, दिवाणखान्यात जाळ हवा."

"विजेचा हीटर आहे आत्या. चांगला दोन कांड्यांचा."

"हीटर!" आत्याने तो शब्द तोंडातून चिमटीने काढून रस्त्यावर टाकला. "माझ्या थेडीचा जाळ पाहिलेली माणसं येणार आहेत. त्या जाळासमोर बसून डोळे पाणावले नाहीत असा माणूस या गावात नव्हता. पण असू दे. तुमच्याच्याने ते व्हायचं नाही."

हे शेवटचं वाक्य नसतं तर ही कथाही झाली नसती.

पुढच्या शनिवारी कोलमनने बाह्या सरसावल्या. हीटर बाजूला केला, त्यामागचा पुठ्ठा काढला, आणि आत काळ्या संगमरवराची चौकट, तिच्या आत हिरव्या फरश्या आणि तळाशी गंजून एकजीव झालेली लोखंडी जाळी असा थेडी डर्कनचा सुप्रसिद्ध फायरप्लेस प्रकट झाला. फरश्या कशाने साफ कराव्यात यावर क्लूनबेगमध्ये दोन तट होते. एका तटाचं म्हणणं ताक, दुसऱ्याचं थंड झालेला काळा चहा. कोलमन सरकारी माणूस असल्यामुळे त्याने कोणालाच दुखावलं नाही. आधी ताक लावलं आणि त्यावर चहा ओतला. खोलीत जो वास सुटला तो घालवण्यासाठी डिंफनाने व्हिनेगर मारलं, आणि त्यानंतर दोन दिवस मांजर त्या खोलीच्या दारापर्यंत यायचं, विचार करायचं आणि परत जायचं.

फरश्या मात्र चमकल्या. हाच घात झाला. चमकत्या फरश्यांशेजारी भिंत मळकी दिसायला लागली म्हणून भिंतीला रंग लावला. भिंतीमुळे छत काळवंडलेलं दिसलं. छतामुळे दार, दारामुळे जिना, आणि जिन्यामुळे वरची खोली, जिथे फादर काय, आत्याचीही नजर पोचणार नव्हती. डिंफना प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. ती संध्याकाळी डोक्याला फडकं बांधून शिडीवर उभी असायची आणि तिथूनच पोरांच्या वह्या तपासायची.

"कोलमन, तुला फक्त राख काढायची होती ना रे?"

"हे सगळं राखेतच येतं," कोलमन म्हणाला.

राहिलं धुराडं. फायरप्लेस वरून कितीही चमकला तरी धुराडं झाडल्याशिवाय जाळ करायचा नाही, हे लहान पोरालाही कळतं. कोलमनने आत डोकं घालून टॉर्च मारला. वर काळं दिसलं. "काजळी," त्याने निदान केलं. धुराडी झाडणाऱ्या कसबी माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, "स्टेशन आहे वाटतं? मग नाताळनंतर बघू. यंदा तेरा गावांत स्टेशनं आहेत, आणि सगळ्यांना एकदम जाळ आठवलाय."

मग शेजारचा पॅकी लावेल कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला. पॅकी एकटा जीव, गाई सांभाळायचा आणि सल्ले द्यायचा. मागे त्याने विनापरवाना गवताची शेड बांधली तेव्हा कोलमनच्या सहीची नोटीस त्याला गेली होती. पॅकीने ती चौकटीत घालून त्याच शेडमध्ये टांगली होती.

"हंस सोडा साहेब धुराड्यात. पाय बांधून वरून सोडायचा. पंख फडफडवत खाली येतो, काजळी आपोआप साफ."

"आणि हंस?"

"हंस नाराज होतो. पण ते तेवढ्यापुरतं."

डिंफनाने खिडकीतूनच नाही म्हटलं. काजळी पाडायला धुराड्यात बंदुकीचा बार काढायलाही ती नाही म्हणाली. तेव्हा पॅकीने शेवटचा आणि सर्वमान्य उपाय काढला. हॉलीचं झुडूप. काटेरी पानांचं, खांद्याएवढं जाड. ते शेंड्याकडून दोराला बांधायचं, बुंध्याला दगड अडकवायचा, आणि छपरावरून धुराड्यात सोडायचं. "खाली जाताना मिटतं, वर ओढताना उघडतं. आमच्या आज्याने याच झुडपाने आख्खी पंचक्रोशी झाडली."

याच झुडपाने म्हणजे नेमकं हेच झुडूप का, असं कोलमनने विचारलं नाही. त्याला दुसरीच चिंता होती. त्या धुराड्याला हात लावायला त्याला परवानगी नव्हती.

झालं होतं असं. लग्न झाल्यावर सासरच्या माणसांवर छाप पाडावी म्हणून कोलमननेच आपल्या खात्यातर्फे हे घर 'जतन करण्याजोग्या वास्तूं'मध्ये घालून घेतलं होतं. खास उल्लेख धुराड्याचा. उंची, घडण, तोंडावरच्या दोन्ही टोप्या, सगळं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. तेव्हापासून त्या धुराड्यात काहीही घालायचं किंवा त्यातून काहीही काढायचं तर कार्यालयाकडे अर्ज करावा लागे. कार्यालय म्हणजे कोलमन आणि शेजारच्या टेबलावरचा फर्गल. स्वतःच्या अर्जावर स्वतःला सही करता येत नाही, त्यामुळे उरला फर्गल. फर्गलने कोलमनच्या हाताखाली नऊ वर्षं काढली होती आणि तो कोलमनकडूनच सगळं शिकला होता.

"सहा आठवडे लागतील," फर्गल म्हणाला.

"अरे, मी आहे!"

"म्हणून तर सहा. बाहेरच्यांना आठ."

शेवटी कोलमनने झाडलोट म्हणजे बांधकाम नव्हे, असा स्वतःपुरता निर्णय दिला आणि छपरावर चढला. पॅकीने शिडी धरली. "शिडी लावायला परवानगी आहे ना साहेब? नाहीतर नोटीस यायची मला." हे तो त्या पंधरवड्यात इतक्या वेळा म्हणाला की शेवटी कोलमन आपणच "हो, आहे परवानगी" म्हणून पहिल्या पायरीवर पाय ठेवू लागला.

झुडूप गेलं खाली. अर्ध्यात गेलं आणि कशावर तरी मऊसं टेकलं.

"घट्ट काजळी आहे," पॅकी खालून ओरडला. "वर घ्या आणि जोरात सोडा!"

कोलमनने वर घेतलं आणि जोरात सोडलं. ते पुन्हा टेकलं. मग त्याने वर ओढलं, तर ते येईना. दोन्ही हातांनी ओढलं तरी येईना. पॅकी वर चढला, दोघांनी मिळून ओढलं. झुडूप पॅकीच्या शब्दाला जागून आतमध्ये नीट उघडलं होतं.

पुढचा आठवडा क्लूनबेगने आनंदात घालवला. येणाजाणारा रस्त्यावर थांबून वर बघायचा. धुराड्यातून दोर लोंबत होता आणि तो पाहून प्रत्येकाला एकच वाक्य सुचायचं. "थेडीच्या वेळी असं कधी झालं नाही." कोलमन ऑफिसला जाताना ते ऐकायचा, येताना ऐकायचा. एकदा तर बस थांबवून ड्रायव्हरने म्हटलं, आणि तो ड्रायव्हर तर परक्या परगण्यातला, गॉलवेचा होता.

बुधवारी कोलमनने खालून कपडे वाळत घालायची काठी धुराड्यात खुपसली. खोलीत काजळीचा एक ढीग पडला, नव्या रंगाच्या भिंतीवर निम्मा उडाला, आणि सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश, तरंगत तरंगत एक पांढरंशुभ्र पीस खाली आलं.

तिघंही त्या पिसाकडे बघत राहिली. तिसरी आत्या होती. ती उशा, त्यांचे अभ्रे आणि आपल्या सूचना घेऊन नेमकी त्याच वेळी आली होती.

"कावळ्याचं घरटं असणार," डिंफना म्हणाली.

"पांढरा कावळा?" कोलमनने विचारलं.

आत्याचा चेहरा मात्र पिसासारखाच झाला. ती खुर्चीत बसली आणि कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाली, "जाऊ दे गं डिंफना. हीटर चांगला आहे. दोन कांड्यांचा आहे ना? मग झालं तर. उगाच त्या धुराड्याच्या मागे लागू नका."

कोलमनला वाटलं, म्हातारीने आपल्याला कायमचं नालायक ठरवलं. इतकी वर्षं ती टोचत तरी होती. आता तिने तेही सोडलं. हे त्याला फार लागलं. त्या दिवशी तो जेवलाही नाही, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पीस पाकिटात घालून कार्यालयात नेलं. धुराड्यात पक्षी असेल तर निकडीची परवानगी मिळते, असं कलम त्याला आठवलं होतं. फर्गलने पीस उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि पक्षी-संरक्षणवाल्यांकडे पाठवलं. शुक्रवारी उत्तर आलं की पीस पाळीव हंसाचं आहे, आणि जतन केलेल्या वास्तूत पाळीव हंस ठेवण्याचं कारण घरमालकाने कळवावं. ही बातमी संध्याकाळपर्यंत गावात पोचली. पॅकी कुंपणावर आला तो डोळे पुसतच.

"साहेब, माझा सल्ला ऐकलात म्हणायचा शेवटी. बायकोला चोरून सोडलात ना?"

स्टेशनची सकाळ उजाडली. वारा पडलेला, स्वच्छ ऊन. स्वयंपाकघरात टेबलावर पांढरी चादर, मेणबत्त्या, अंड्यांचे ढीग, तव्यावर सॉसेज. दिवाणखान्यात चमकत्या फरश्यांसमोर हीटर. आपल्या घरात, आपल्या स्टेशनला, आपण लावलेल्या रंगाच्या मधोमध बसवलेला तो हीटर कोलमनला बघवेना. लोक जमायला अजून वेळ होता. आपण छपरावर जाऊ, एकदाच जोर लावू, झुडूप काढू, खाली येऊ, जाळ करू. त्याला यात कुठेही अडचण दिसली नाही. अंगात लग्नातला सूट होता. पॅकी लवकर आला होता, त्याने शिडी धरली. या वेळी परवानगीचं त्याने विचारलंही नाही, कारण तोंडात सॉसेज होतं.

कोलमन एक गोष्ट विसरला. फादर हेगर्टी नेहमी वेळेआधी येतात, आणि आले की आधी दिवाणखान्यात बसून कबुली ऐकतात.

तो छपराच्या कण्यावर मांडी ठोकून बसला, दोर मनगटाला गुंडाळला, धुराड्याच्या तोंडाशी वाकला, आणि धुराडं बोलू लागलं.

"फादर, आशीर्वाद द्या, माझ्या हातून पाप झालंय."

आवाज कन्सेप्टा आत्याचा होता. ती वयाने मोठी म्हणून नेहमी पहिली. बुधवारच्या काठीने आत कुठेतरी फट पाडली असावी, कारण शब्द न् शब्द असा स्वच्छ येत होता की दिवाणखान्यात बसूनही इतका आला नसता. कोलमनने कान झाकायला हवे होते. पण दोन्ही हातांत दोर होता. दोर सोडला असता तर झुडूप आणखी खाली घसरलं असतं, आणि मग काय झालं असतं ते सांगवत नाही. असं त्याने स्वतःला पटवलं.

"या आठवड्यात काय झालं कन्सेप्टाबाई?"

"या आठवड्यातलं नाही फादर. जुनं आहे. पण दर आठवड्याला ताजं करते. आमच्या थेडीचा जाळ. सगळं खोटं आहे हो ते. या धुराड्यातून धूर कधी वर गेलाच नाही. सगळा घरात यायचा. मागच्या स्टेशनला तेव्हाचे फादर शुभवर्तमान वाचता वाचता बाहेर पळाले आणि उरलेलं गोठ्यात जाऊन वाचलं."

"मग लोक काही म्हणाले नाहीत?"

"कोणाच्या घरी बसून असं म्हणतात का फादर? डोळे पुसत पुसत 'काय जाळ आहे थेडी' म्हणाले. मग बाहेर जाऊनही तेच म्हणत राहिले. थेडी बिचारा शरमेने अर्धा झाला. त्या हिवाळ्यात त्याने आईची पिसांची गादी गुंडाळून धुराड्यात कोंबली आणि मला शपथ घातली."

वर कोलमनने डोळे मिटले. हंस. फर्गल. बसचा ड्रायव्हर. सगळं एका ओळीत त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"शपथ पाळलीत, त्यात पाप कसलं?" फादर म्हणाले.

"पाप पुढे आहे. त्या नसलेल्या जाळाचे चटके मी त्या माणसाला इतकी वर्षं देतेय. त्या घरजावयाला."

"कोलमनला?"

"नाव घ्यायची कधी वेळ आली नाही."

"कन्सेप्टाबाई, हे घर कोणाचं?"

"डर्कनांचं."

फादरांना घाई नव्हती.

"पुन्हा विचारतो."

"पाटी त्याची आहे," आत्या शेवटी म्हणाली. "दिसते मला. चांगली घासलेली असते."

कोलमनला राग आला होता, आनंदही झाला होता, आणि यातलं कोणतं कुठे ठेवावं ते त्याला कळेना. माणसाला असं काही कळेनासं झालं की तो हातातलं काम जोरात करू लागतो. शिवाय आत गादी आहे हे आता कळलं होतं, आणि कापड म्हटलं की फाटतं. त्याने दोन्ही पाय धुराड्याला लावले आणि मागे रेलला.

"मग प्रायश्चित्त ऐका," फादरांचा आवाज आला. "आज, चारचौघांसमोर, तीन वेळा—"

टर्रर्र!

झुडूप बाटलीच्या बुचासारखं बाहेर आलं आणि कोलमन ते छातीशी धरून छपरावर उताणा पडला. गादीचं पोट फाटलं. तिच्यावर साठलेली कावळ्यांच्या कित्येक पिढ्यांची काटकी, थेडी डर्कनच्या आयुष्यभराची काजळी आणि गादीतला अख्खा हंसांचा कळप एकदम खाली गेला. मग खालून जे परत वर आलं ते धुराड्याच्या तोंडातून आभाळात उडालं, आधी काळं, मग पांढरं.

अंगणात जमलेलं सगळं गाव वर बघत होतं. पॅकीने सॉसेज गिळलं.

"काळा धूर... नाही, पांढरा! पांढरा! नवा पोप निवडला गेला हो!"

कोलमन शिडीवरून उतरला तेव्हा दिवाणखान्याच्या दारात दोन आकृत्या उभ्या होत्या. आवाजावरून त्या फादर आणि आत्या असाव्यात. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत काळी, आणि वर नीट चिकटलेली पिसं. आत्या हात जोडून पुटपुटत होती. थेडी रागावला, एवढंच तिला समजलं होतं. फादर कोलमनजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वर किती वेळ होतास?"

"आत्ताच चढलो होतो फादर."

"काही ऐकू आलं?"

"वारा फार होता फादर."

मागच्या पिंपळासारख्या मोठ्या बीचच्या झाडाचं एक पानही हलत नव्हतं. फादरांनी त्या झाडाकडे पाहिलं, मग कोलमनकडे पाहिलं. "हं. वारा," ते म्हणाले. लहानपणी दोघांनीही एकच धडा पाठ केला होता. दुसऱ्याची कबुली चुकून कानावर पडली तर ऐकणाऱ्याचं तोंडही फादरांइतकंच बंद.

पण गावाचं तोंड बंद नव्हतं. पॅकी फायरप्लेसपाशी जाऊन गादीची फाटकी खोळ घेऊन आला आणि त्याने ती सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही गादी आहे! साहेब, धुराड्यात गादी कोणी घातली?"

सगळे कोलमनकडे बघू लागले. डिंफना बघत होती. आत्याने पुटपुटणं थांबवलं होतं आणि तिच्या काळ्या चेहऱ्यात दोन डोळे तेवढे पांढरे होते. कोलमनच्या हातात अजून झुडूप होतं, लग्नाच्या सुटाची एक बाही खांद्यापासून सुटली होती. एक वाक्य बोललं की झालं. थेडी डर्कनचा जाळ कायमचा विझला असता आणि या घरावरची त्याची सावली गेली असती. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं.

"मी," कोलमन म्हणाला. "मीच कोंबली होती. हिवाळ्यात गार झोत यायचा म्हणून."

"आणि मग त्याच धुराड्यात वरून झुडूप सोडलंत?"

"विसरलो होतो."

क्लूनबेग असं हसलं की पॅकीच्या गाई कुंपणापाशी आल्या. "थेडीच्या वेळी..." कोणीतरी म्हणालं, आणि वाक्य पुरं करायची गरजच पडली नाही. कोलमनही मान हलवून म्हणाला, "थेडींची गोष्टच वेगळी होती." हे म्हणताना त्याला जे झालं ते फक्त घरजावयांनाच कळेल.

बायकांनी झाडू घेतले, फादरांनी तोंड धुतलं, मिस्सा झाली. फादरांच्या कानामागे शेवटपर्यंत एक पीस राहिलं होतं आणि ते काढायचा धीर कोणाला झाला नाही. मग नाश्त्यासाठी वडीलधारी मंडळी दिवाणखान्यात आली. कोलमन गुडघ्यांवर बसला, हीटर उचलून बाहेर ठेवला, जाळीत वाळलेली लाकडं रचली आणि काडी ओढली. खोलीतल्या म्हाताऱ्यांनी जुन्या आठवणीने हातरुमाल काढून तयार ठेवले.

धूर निघाला, क्षणभर घोटाळला, आणि सरळ वर गेला. लाकडं तडतडली. जाळ उभा राहिला, निर्मळ, पिवळा. हिरव्या फरश्या त्यात लखलखल्या. कावळ्यांच्या काटक्या नाहीत, गादी नाही. त्या घराचं धुराडं बांधल्यापासून बहुधा पहिल्यांदाच मोकळा श्वास घेत होतं. कोणाचेही डोळे पाणावले नाहीत. हातरुमाल एकेक करून खिशात परत गेले.

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. घसा साफ केला.

"कोलमनच्या घरातला चहा बरा आहे," ती भिंतीला उद्देशून म्हणाली.

पॅकी चावायचा थांबला. कोलमनला वाटलं, काजळी कानात गेलीय.

फादरांनी पावाला लोणी लावता लावता "हं" म्हटलं.

थोड्या वेळाने आत्याने अंड्याच्या डोक्यावर चमचा आपटला. "कोलमनच्या घरातली अंडी बरोबर शिजलीत."

"हं," फादर म्हणाले.

कोलमनची छाती सुटाच्या उरल्यासुरल्या शिवणीत मावेना. त्याने आत्याला आणखी एक अंडं वाढलं, मागितलं नव्हतं तरी. तो उभा राहून सगळ्यांना लाकडं कोणती, कुठल्या झाडाची, किती वाळवली हे सांगू लागला. आता या घरात आपण बोलावं आणि लोकांनी ऐकावं, असा त्याचा पवित्रा होता.

आत्याने जाळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कोलमनच्या घरातलं धुराडं छान ओढतं," ती म्हणाली, आणि कोलमनच्या नजरेसमोर फादरांनी लोण्याची सुरी खाली ठेवून समाधानाने मान हलवली, पोराने पाढा पुरा म्हटल्यावर मास्तर हलवतात तशी.

तीन वेळा. चारचौघांसमोर.

कोलमन खाली बसला. तर हे प्रायश्चित्त होतं. त्याच्या घराचं नाव घेणं ही म्हातारीला झालेली शिक्षा होती, आणि ती तिने पुरी भोगली होती. लगेच ती पॅकीकडे वळून आपल्या नेहमीच्या आवाजात बोलूही लागली, "पूर्वी या डर्कनांच्या घरी स्टेशनला दोन डझन हंस..." कोलमनने लाकडाचा एक ओंडका उगाचच इकडून तिकडे सरकवला. जाळ मात्र आपला छान जळत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुपार व्हायच्या आत गाव पांगलं. फादर गेले, पॅकी झुडूप 'पुढच्या वेळेसाठी' म्हणून घेऊन गेला. आत्या सगळ्यांत शेवटी निघाली. कोलमन तिला फाटकापर्यंत सोडायला गेला, ते घरजावयाचं कामच होतं. आत्या फाटकापाशी थांबली. काजळी इथपर्यंत उडाली होती, पितळी पाटीवरची अक्षरं दिसत नव्हती.

आत्याने पाटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, थेट, इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं असं.

"वारा फार होता म्हणे वर," ती म्हणाली.

"फार होता आत्या."

"हं." तिने हातमोजा काढला आणि पाटीच्या पहिल्या अक्षरावर एकदा बोट फिरवलं. "कोलमन, तुझ्या घराची पाटी काळी झालीय. पुसून घे. लोकांना कळायला नको का कोणाचं घर ते?"

आणि ती शेतातून आपल्या घरी निघाली. फादर तर केव्हाच गेले होते, आसपास चारचौघं सोडा, एकही माणूस नव्हता. ही चौथी वेळ होती.

कोलमन फडकं आणायला आपल्या घरात गेला.